बाटली कुणाची, टोमॅटो कुणाचे

[दृश्य: रस्त्याकडेला उभा असलेला भलामोठा लाल टोमॅटो. त्याच्या पोटात माहिती केंद्राची खिडकी.]

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताचं अगदी दक्षिणेकडचं टोक. ईरी सरोवराच्या काठावरचं हे लीमिंग्टन गाव. रस्त्यालगत उभा असलेला हा लाल टोमॅटो म्हणजे पर्यटकांना माहिती देणारी टपरी आहे. १९६१ पासून ती गावाची ओळख होऊन बसली आहे. इथं १९०९ साली केचप बनवणाऱ्या हाइन्झ या अमेरिकन कंपनीचा कारखाना सुरू झाला. आसपासच्या शेतकऱ्यांच्या पिढ्यांनी टोमॅटो लावले ते याच कारखान्याच्या भरवशावर. २०१४ च्या उन्हाळ्यात कारखान्याला टाळं लागलं आणि ७४० माणसांचं काम गेलं.

अमेरिकन मालावरच्या बहिष्काराची गोष्ट या गावापासून सुरू करायला कारण आहे. बहिष्कार टाकायचा असं ठरवून ग्राहक दुकानात शिरतो, तेव्हा त्याची पहिली गाठ पडते ती लीमिंग्टनसारख्या गावांशी. फक्त ते त्याला दिसत नाही. त्याला दिसते बाटली.

[दृश्य: दुकानातली केचपची फळी. एक हात बाटली उचलतो, फिरवतो, मागचा बारीक मजकूर वाचतो.]

१ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी कॅनडाच्या बहुतेक मालावर २५ टक्के आयातशुल्क लावणाऱ्या आदेशावर सही केली. मध्ये महिनाभर स्थगिती मिळाली आणि ४ मार्चला शुल्क लागू झालं. कॅनडानं अमेरिकेचं एक्कावन्नावं राज्य व्हावं, हेही बोलणं सोबत चालूच होतं. शुल्कानं पोटाला चिमटा बसणार होता, पण या बोलण्यानं लोकांचा स्वाभिमान दुखावला. सही झाली त्याच रात्री कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी देशाला आवाहन केलं, की दुकानात लेबलं वाचा, अमेरिकेतल्या केंटकीच्या बर्बन व्हिस्कीऐवजी आपली राय व्हिस्की घ्या, फ्लोरिडाच्या संत्र्याच्या रसावाचूनही चालेल. आणि लोक खरोखरच लेबलं वाचायला लागले.

आता ही केचपची फळी बघा. एक बाटली हाइन्झची, नाव अमेरिकन, मालक अमेरिकन. लीमिंग्टन सोडल्यावर कॅनडात विकलं जाणारं हाइन्झचं केचप अमेरिकेतून येत होतं. २०२० मध्ये कंपनीनं हे उत्पादन पुन्हा कॅनडात, क्वेबेकमधल्या मॉन्ट-रॉयलच्या कारखान्यात आणायचं जाहीर केलं. शेजारची बाटली फ्रेंचेसची. लीमिंग्टनमध्ये हाइन्झनं टाकून दिलेल्या कारखान्यात स्थानिक मंडळींनी नवी कंपनी उभी केली होती, आणि तिथल्या टोमॅटोंपासून हे केचप बनू लागलं. २०१६ मध्ये ऑन्टारिओतल्या एका ग्राहकानं ही गोष्ट समाजमाध्यमावर लिहिली आणि ती देशभर पसरली. त्याच सुमारास एका मोठ्या दुकानसाखळीनं हे केचप फळीवरून काढलं. लोक इतके संतापले, की दुसऱ्या दिवशी ते परत ठेवायची कबुली द्यावी लागली. एका दिवसात! ग्राहकाच्या हातात काय आहे, याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित सापडतं.

तेव्हा फ्रेंचेसचा मालक ब्रिटिश होता. २०१७ मध्ये तो ब्रँड मॅककॉर्मिक या मेरीलँड राज्यातल्या अमेरिकन कंपनीनं विकत घेतला.

म्हणजे २०२५ च्या वसंतात लेबल वाचणाऱ्या ग्राहकापुढच्या दोन्ही बाटल्यांचे मालक अमेरिकन होते आणि दोन्ही बाटल्या कॅनडात भरल्या जात होत्या. लीमिंग्टनच्या शेतकऱ्याचं पोट ज्या बाटलीवर अवलंबून, तिचाही नफा अखेर मेरीलँडलाच जाणार.

इथं अनेकांचा धीर सुटतो. ‘सगळं एकाच माळेचे मणी, कशाला त्रास घ्यायचा?’ हे मला मान्य नाही. गुंता असतो तेव्हा निवड करायची जबाबदारी उलट वाढते. माल पिकला कुठे, बनवला कुणी आणि नफा जातो कुठे, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. एकाच डब्याकडून तिन्हींची मनासारखी उत्तरं मिळतीलच असं नाही. आपल्याला त्यातला कुठला प्रश्न जास्त जिव्हाळ्याचा आहे, हे दुकानात शिरण्याआधी ठरवावं लागतं. माझ्यापुरतं उत्तर असं आहे: जिथं आपल्या शेजाऱ्याचे हात लागलेत तिथं आधी शेजारी, मग मालक. आणि जिथं इथल्या कुणाचाच हात लागलेला नाही, तिथं बिनदिक्कत पाठ फिरवावी.

[दृश्य: लेबलावरचं मेपलचं पान, जवळून.]

लेबल या कामात मदत करतं, पण ते वाचायला शिकावं लागतं. कॅनडात खाद्यपदार्थावर ‘प्रॉडक्ट ऑफ कॅनडा’ असं लिहायचं तर जवळजवळ सगळे घटक, प्रक्रिया आणि मजुरी कॅनडातलीच लागते. ‘मेड इन कॅनडा’चा अर्थ त्याहून सैल आहे. पदार्थाला शेवटचं मोठं रूप कॅनडात मिळालं, एवढंच त्यातून कळतं; घटक बाहेरून आले असतील तर तसं सोबत लिहावं लागतं. कपडे, भांडी, हत्यारं अशा इतर वस्तूंचे आकडे ठरलेले आहेत: पहिल्या दाव्यासाठी थेट खर्चाचा किमान ९८ टक्के भाग कॅनडातला हवा, दुसऱ्यासाठी किमान ५१ टक्के. नुसतं कॅनडाच्या झेंड्यावरचं मेपलचं पान छापलेलं असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही. लोकांच्या भावनेचा फायदा घेऊन आयात मालावरही पान चिकटवण्याचे प्रकार इतके वाढले, की त्याला ‘मेपलवॉशिंग’ असं नावच पडलं.

आणि एक गैरसमज तर जगभर फिरतो. बारकोडचे पहिले आकडे बघून देश ओळखा, असा निरोप मोबाइलवर येतो. त्यावर विसंबू नका. ते आकडे सांगतात, की कंपनीनं तो क्रमांक कुठल्या देशातल्या संस्थेकडून घेतला. माल कुठे बनला, हे त्यांतून अजिबात कळत नाही.

कॅनडात काही तरुणांनी यावर फोनची ॲप्स बनवली. ‘बाय बीव्हर’, ‘मेपल स्कॅन’ अशी त्यांची नावं. वस्तू फोनपुढे धरली, की ती किती कॅनेडियन आहे याचा अंदाज मिळतो. अंदाजच तो. पण लोक पुड्या उलटून वाचू लागले, रांगेत एकमेकांना विचारू लागले, ही गोष्ट मला ॲपपेक्षा मोठी वाटते.

[दृश्य: ऑन्टारिओतलं सरकारी मद्यदुकान. रिकामी फळी, तिच्यावर सूचनेची पाटी.]

आता उलट बाजूचं उदाहरण घेऊ. बर्बन ही व्हिस्की कायद्यानं अमेरिकेतच बनते. तिच्यात कॅनडाचा शेतकरी नाही, कॅनडाचा कारखाना नाही. म्हणून तिच्यावरचा बहिष्कार सरळ जागी जाऊन बसला. त्यात ऑन्टारिओत दारूची घाऊक खरेदी एका सरकारी मंडळाच्या हातात आहे, आणि हे मंडळ जगातल्या सर्वांत मोठ्या मद्यखरेदीदारांपैकी एक. वर्षाला जवळजवळ १०० कोटी डॉलरची अमेरिकन दारू ते विकत होतं. ४ मार्च २०२५ ला अमेरिकेतल्या ३५ राज्यांमधून येणारी ३६०० हून अधिक उत्पादनं त्यानं फळ्यांवरून उतरवली. इतर बहुतेक प्रांतांनीही तेच केलं. जॅक डॅनियल्स बनवणाऱ्या ब्राउन-फॉर्मन कंपनीचे प्रमुख लॉसन व्हायटिंग तेव्हा म्हणाले, की हे शुल्कापेक्षा वाईट आहे, कारण यात विक्रीच हातची जाते. आणि या कंपनीच्या एकूण विक्रीत कॅनडाचा वाटा होता जेमतेम एक टक्का.

जूनमध्ये अल्बर्टा आणि सस्कॅचवन या प्रांतांनी अमेरिकन दारू परत विकायला सुरुवात केली. सरकारच्या बहिष्काराचं हे असंच असतं. तो एका सहीनं सुरू होतो आणि एका सहीनं थांबतो. घरातली सवय बदलली तर ती कुणाच्या सहीनं परत येत नाही.

पण मद्यातही सगळं सोपं नाही. क्राउन रॉयल ही कॅनडाची सर्वांत नावाजलेली व्हिस्की. गाळली जाते मॅनिटोबातल्या गिमली गावात. मालक डियाजिओ, ही ब्रिटिश कंपनी. काही बाटल्या भरल्या जात ॲमहर्स्टबर्गमध्ये, लीमिंग्टनपासून मोटारीनं तासाभराच्याही आत. ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीनं तो बाटलीभरणीचा कारखाना बंद करून काही काम अमेरिकेत हलवायचं जाहीर केलं. जवळजवळ २०० कामगारांवर गदा आली. ऑन्टारिओ प्रांताचे प्रमुख डग फोर्ड यांनी पत्रकारांसमोर क्राउन रॉयलची बाटली जमिनीवर ओतून रिकामी केली. त्यांचा राग समजतो. पण या व्हिस्कीवर बहिष्कार टाकला, तर पहिली झळ गिमलीच्या कामगाराला लागते, हेही खरं. अमेरिकन नसलेल्या कंपनीनं अमेरिकेत नेलेल्या कामाचा निषेध कॅनेडियन व्हिस्की सोडून कसा करायचा, याचं सोपं उत्तर कुणाकडे नाही.

टिम हॉर्टन्सच्या कॉफीचंही तसंच. एका हॉकीपटूच्या नावाची ही साखळी १९६४ मध्ये हॅमिल्टन शहरात सुरू झाली. आज तिच्या मूळ कंपनीची नोंदणी कॅनडात आहे, त्या कंपनीतला मोठा गुंतवणूकदार बाहेरचा, आणि गल्लीतलं दुकान चालवणारा बहुतेक वेळा गावातलाच. मी तरी तिथली कॉफी सोडा असं कुणाला सांगणार नाही.

[दृश्य: लीमिंग्टनची काचघरं, रात्रीच्या वेळी. आत दिवे लागलेले.]

हिवाळ्यात कॅनडाची पालेभाजी कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनातून येते. तिला पर्याय म्हणून लोक वळले ते या काचघरांकडे. काकडी, मिरची, टोमॅटो, सगळं इथं छपराखाली पिकतं. मात्र ‘स्थानिक’ म्हणताना कुणाचे हात आपण मोजतो, हेही बघायला हवं. या शेतांवर राबणारे बरेच मजूर मेक्सिको आणि जमैकातून हंगामी परवान्यावर येतात. जमैकातून मजूर आणायची ही योजना १९६६ मध्ये सुरू झाली, मेक्सिको तिच्यात १९७४ मध्ये आला. स्थानिक मालाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी त्यांच्या मजुरीचा आणि राहण्याच्या सोयीचा प्रश्नही तेवढ्याच आवाजात विचारायला हवा.

[दृश्य: डेन्मार्क. किमतीच्या इलेक्ट्रॉनिक पट्टीवर छोटा काळा तारा.]

अटलांटिकपलीकडे डेन्मार्कमध्ये ठिणगी पडली ती डेन्मार्कच्या राज्यात मोडणाऱ्या ग्रीनलंडवरून. ट्रम्प यांनी ग्रीनलंड हवंच असा हट्ट धरल्यावर डॅनिश ग्राहक एकमेकांना अमेरिकन मालाचे पर्याय कळवू लागले. देशातल्या सर्वांत मोठ्या दुकानसाखळीनं, सॅलिंग समूहानं, मार्च २०२५ मध्ये एक साधी सोय केली. ज्या ब्रँडचा मालक युरोपीय, त्याच्या किमतीच्या पट्टीवर काळा तारा. अमेरिकन माल फळीवरून काढला नाही, कुणाला उपदेशही केला नाही. ग्राहकाला हवी ती माहिती तेवढी दिली. मला हा मार्ग फार आवडतो.

तरी कोलाचा पेच उरतोच. डेन्मार्कमध्ये कोका-कोला बनवते आणि विकते ती कार्ल्सबर्ग, म्हणजे डॅनिश कंपनीच. एप्रिल २०२५ मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रमुखांनी सांगितलं, की बहिष्कारामुळे तिथली कोकची विक्री किंचित घटली आहे आणि जॉली कोलासारखे स्थानिक ब्रँड वर येत आहेत. जॉली कोला १९५९ पासूनचा डॅनिश कोला. जुन्या पिढीला त्याची चव ठाऊक आहे. एक डॅनिश कारखाना थोडा मंदावला, दुसऱ्यात थोडं जास्त काम आलं. अशी बेरीज-वजाबाकी ज्याला मान्य आहे त्यानं जॉली कोला खुशाल उचलावा.

बेरीज-वजाबाकीची गरज न पडणारी एक जागा आहे, आणि तिच्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं.

[दृश्य: काउंटरवरचं यंत्र. कार्ड टेकतं, हिरवा दिवा लागतो.]

स्थानिक चीज, स्थानिक पाव, स्थानिक सफरचंदाचा रस घेतला, आणि पैसे भरले व्हिसा किंवा मास्टरकार्डनं. या दोन्ही अमेरिकन कंपन्या, आणि प्रत्येक व्यवहारामागे त्यांना काही ना काही मिळतं. कॅनडात १९८४ पासून इंटरॅक हे तिथल्या बँकांनी उभं केलेलं जाळं आहे. साध्या डेबिट कार्डनं पैसे दिले की व्यवहार त्यावरून होतो. डेन्मार्कमध्ये १९८३ पासून डानकोर्ट आहे. रुपे आणि यूपीआय वापरणाऱ्या आपल्या प्रेक्षकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरचं अमेरिकन शुल्क ५० टक्क्यांवर गेल्यापासून हे प्रश्न आपल्याही घरात येऊन बसले आहेत.

महिन्याच्या महिन्याला आपोआप कापले जाणारे वर्गणीचे पैसेही याच जातीचे. ॲमेझॉननं जानेवारी २०२५ मध्ये क्वेबेकमधली आपली सातही गोदामं बंद करायचं जाहीर केलं. १७०० कायम कामगार घरी जाणार होते. त्याआधी जेमतेम आठ महिन्यांपूर्वी क्वेबेकमधल्याच लावालच्या गोदामात कामगारांची युनियन मंजूर झाली होती. दोन्हींचा संबंध नाही, असं कंपनीचं म्हणणं. गोदामं गेली, विक्री मात्र चालूच राहिली. शेजाऱ्याच्या नोकरीची काळजी म्हणून जे ग्राहक तिथं थांबले होते, त्यांना थांबायचं ते कारण उरलं नाही. ॲमेझॉनची वर्गणी रद्द करायला पाच मिनिटं पुरतात.

डानकोर्टबद्दल एक कामाची गोष्ट सांगायची राहिली. बहुतेक डानकोर्ट कार्डांवर दोन खुणा छापलेल्या असतात, एक डानकोर्टची आणि एक व्हिसाची. कार्ड एकच, पण व्यवहार कुठल्या जाळ्यावरून जाईल ते काउंटरवर ठरतं. युरोपीय संघाच्या २०१५ च्या नियमानुसार दुकानदार आपल्या यंत्रात एक पर्याय आधीपासून लावून ठेवू शकतो, पण ग्राहकानं दुसरा मागितला तर तो अडवू शकत नाही. यंत्रावर निवड दिसली नाही, तर काउंटरवरच्या माणसाला विचारायचं.