दिवसभर वाचतो, मग लक्षात का राहत नाही?

नमस्कार. काल रात्री झोपण्याआधी फोनवर जे वाचलंत, त्यातलं आत्ता काय आठवतंय? मथळे आठवतील, एखादा फोटो आठवेल. पण मुद्दा काय होता असं विचारलं की बहुतेक जण अडखळतात आणि खापर फोडतात स्मरणशक्तीवर. मला ते पटत नाही.

वाचलेलं टिकतं ते आधीच्या माहितीशी जोडलं गेलं तर. या जोडणीला वेळ लागतो, आणि एका वेळी मनात मोजक्याच गोष्टी मावतात. अर्धी बातमी, मध्येच मेसेज, मग कुणाचा तरी वाद, पुन्हा बातमी... प्रत्येक नवी गोष्ट आधीचीला बाहेर ढकलते. तिथे स्मरणशक्ती बिचारी काय करणार?

एका स्क्रीनवर आपलं लक्ष किती वेळ टिकतं, हे मानसशास्त्रज्ञ ग्लोरिया मार्क यांनी मोजलं. २००४ मध्ये सरासरी अडीच मिनिटं. अलीकडे? ४७ सेकंद! त्यात संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की काम बदललं तरी मन आधीच्या कामात रेंगाळत राहतं, ते अपुरं सुटलं असेल तर जास्तच. म्हणजे पुढचा लेख उघडला तरी आपण त्याला अख्खे मिळतच नाही.

आता चाळणं वाईट नाही. वेळापत्रक बघताना चाळायलाच हवं. मला काळजी वाटते ती सवयीची. वाचन आपण जन्मतः घेऊन येत नाही, ते मेंदूला शिकवावं लागतं आणि जसं वाचू तसं त्याला वळण लागतं. दिवसभर चाळणाऱ्याची नजर मग निवांत वेळी, आवडीच्या पुस्तकातही ओळी गाळत पळते. तुमचंही असं होत असेल तर हताश होऊ नका, लागलेलं वळण बदलता येतं.

कसं? रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग बघा. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांना कितीतरी जास्त आठवत होतं.

म्हणून आज एकच लेख निवडा. नोटिफिकेशन बंद करून शेवटपर्यंत वाचा, मग फोन पालथा ठेवा आणि लेखकाचं म्हणणं मोठ्याने, स्वतःच्या शब्दांत सांगा. जिथे अडाल, तेवढाच भाग उघडून पुन्हा वाचा.