ब्रिटनच्या विजेतल्या कार्बनची रेषा खाली आली, पण कुणामुळे?

[पडद्यावर: कूलिंग टॉवर, वर पांढरे ढग]

हे जे पांढरं पांढरं वर जाताना दिसतंय ना, तो कार्बन डायऑक्साइड नाहीये. प्रदूषणाची बातमी आली की टीव्हीवाले डोळे झाकून हाच शॉट लावतात, पण ही नुसती पाण्याची वाफ आहे. कार्बन डायऑक्साइड जातो तो शेजारच्या त्या उंच, बारीक चिमणीतून, आणि तो दिसत नाही.

हे इंग्लंडमधलं नॉटिंगहॅमशायरचं रॅटक्लिफ-ऑन-सोर वीज केंद्र. आठ टॉवर, 199 मीटरची चिमणी, 2000 मेगावॅट. 30 सप्टेंबर 2024 ला हे बंद पडलं आणि ब्रिटनमध्ये कोळशावर वीज बनवायचं कामच संपलं, जे सुरू झालं होतं जानेवारी 1882 मध्ये, लंडनच्या हॉलबर्न व्हायाडक्टवर, एडिसनच्या जनरेटरनं. 142 वर्षं चाललं हे.

आता, जो दिसतच नाही तो मोजायचा कसा? बहुतेक वेळा तो मोजत नाहीतच, हिशेबाच्या वहीतून काढतात. किती इंधन जाळलं, त्यात कार्बन किती, करा गुणाकार. कार्बनच्या अणूचं वजन 12, त्याला चिकटणारे ऑक्सिजनचे दोन अणू मिळून 32, झाले 44, म्हणजे एक किलो कार्बन जाळला की साडेतीन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. जाळलं त्यापेक्षा वजन जास्त कसं भरतं, असं कुणालाही वाटेल, तर ते जास्तीचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. रॅटक्लिफला कोळशाची शेवटची मालगाडी आली जून 2024 मध्ये, 1650 टन घेऊन. त्यातून वीज किती, तर साधारण पाच लाख घरांना आठेक तास पुरेल एवढी, आणि चिमणीतून वर गेलं ते ढोबळमानानं पावणेचार हजार टन. एका गाडीचं.

[पडद्यावर: 1990 पासूनचा आलेख]

आणि ही त्या वह्यांमधून निघालेली रेषा. 1990 मध्ये ब्रिटनच्या वीज केंद्रांमधून वर्षाला 200 दशलक्ष टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघत होता, 2023 मध्ये आकडा आला 40 च्या आसपास, म्हणजे पाचावा हिस्सा. बघणारा म्हणणार, वा, पवनचक्क्यांनी कमाल केली! केली, पण नंतर. ही पहिली मोठी उतरण बघा, नव्वदच्या दशकातली, तेव्हा पवनचक्क्या होत्या कुठे? ब्रिटनच्या समुद्रातली पहिली जोडी ब्लिथला उभी राहिली 2000 मध्ये, प्रत्येकी 2 मेगावॅटची.

खरं कारण असं की सरकारी वीज उद्योग विकला गेला, नव्या कंपन्यांना पटकन उभं राहणारं आणि स्वस्तात पडणारं केंद्र हवं होतं, उत्तर समुद्रात गॅस होता, आणि वीज बनवायला गॅस जाळण्यावर युरोपात जे निर्बंध होते ते 1991 मध्ये उठले, मग काय, जिकडे तिकडे गॅसची केंद्रं. हवामानाची काळजी म्हणून कुणी केलं नव्हतं हे. पण मिथेनमध्ये एका कार्बनमागे चार हायड्रोजन असतात, त्यामुळे बरीच उष्णता हायड्रोजन जळूनच मिळते, शिवाय नव्या केंद्रात गॅस टर्बाइनमधून निघणाऱ्या गरम हवेवर वाफ करून दुसरं टर्बाइन फिरवतात, म्हणून कोळशाच्या एका युनिटला 900 ग्रॅमच्या वर जिथे निघायचा तिथे गॅसला 400 च्या आसपास किंवा त्याहून कमी. नफ्यासाठी केलं आणि कार्बनही उतरला.

मग रेषा अडखळते. 2012 ला हा उंचवटा दिसतोय ना? अमेरिकेत शेल गॅस, म्हणजे खडकात अडकलेला गॅस, इतका निघाला की त्यांचा कोळसा बाजारात स्वस्त झाला, इकडे गॅस महाग होता, कंपन्यांनी साधा हिशेब केला आणि कोळशाचा वाटा एका वर्षात 30 टक्क्यांवरून 40 च्या जवळ गेला. क्लायमेट चेंज ॲक्ट, म्हणजे कार्बन कमी करायचा ब्रिटनचा कायदा, होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती बरं का.

यात एक गंमत आहे. काही जुन्या केंद्रांनी गंधक अडवायची यंत्रणा बसवायला नकार दिला होता, त्यांना युरोपच्या नियमानं 2008 ते 2015 मिळून 20,000 तास दिलेले, तेवढे वापरा आणि टाळं लावा. कोळसा स्वस्त झाल्यावर त्यांनी ते तास भराभर जाळून टाकले, आणि डिडकॉट ए, कॉकेन्झी अशी केंद्रं 2013 मध्येच बंद झाली. नियम होता ॲसिड पावसासाठी, फायदा झाला कार्बनचा.

त्यानंतर मात्र मुद्दाम केलेलं काम. 2013 ला कार्बनवर कर आला, 2015 पासून टनामागे 18 पौंड, तोही युरोपात कार्बन सोडायला जे परवाने विकत घ्यावे लागायचे त्यांच्या भावाच्या वर. गॅसवाल्यांनाही तो पडतो, पण युनिटमागे निम्म्याहून कमी, आणि तेवढ्यानं कोळशाचं गणित फिसकटलं. 2015 मध्ये वाटा 22 टक्के होता, 2016 मध्ये 9. 21 एप्रिल 2017 ला अख्खा दिवस कोळशाविना गेला, 1882 नंतर पहिल्यांदा. मग समुद्रात हॉर्नसीसारखी मोठी कामं, पहिल्या टप्प्यातच 174 पवनचक्क्या.

एक भाग मात्र कुणाच्या बातमीत येत नाही कारण तो दाखवायला बोरिंग आहे. 2005 च्या सुमारास देशात वर्षाला 400 टेरावॅट तासांच्या (एक टेरावॅट तास म्हणजे एक अब्ज युनिट) आसपास वीज तयार व्हायची, 2023 मध्ये 300 च्या खाली. एलईडी दिवे, कमी वीज खाणारे फ्रिज, आणि हो, बंद पडलेले कारखानेही, त्यांचा माल आता दुसऱ्या देशात बनतो आणि त्याचा धूर दुसऱ्याच्या वहीत लागतो.

वही म्हटलं की हे आलंच. ड्रॅक्स नावाच्या मोठ्या वीज केंद्रात आता कोळशाऐवजी लाकडाच्या गोळ्या जळतात, चिमणीतून कार्बन डायऑक्साइड निघतोच, पण नियमानुसार वीज क्षेत्राच्या खात्यात तो शून्य, तो धरायचा जंगलतोडीच्या हिशेबात. समुद्राखालच्या केबलमधून शेजारच्या देशांची वीज येते, तिचाही यात समावेश नाही. याचा अर्थ रेषा खोटी असा नाही. तिची खोली थोडी सावधपणे वाचा, एवढंच.

[पडद्यावर: संध्याकाळ, गॅसवरचं वीज केंद्र]

आता उरलेला कार्बन बहुतेक इथला. थंडीतली संध्याकाळ, सूर्य चारलाच मावळलेला, वारा पडलेला, घराघरात किटल्या लागलेल्या, तेव्हा हीच केंद्रं पूर्ण जोरात चालतात. नीट बघा या शॉटमध्ये. बुटक्या चिमण्या, वर आकाश स्वच्छ, टॉवरसारखा ढगबिग काही नाही. चालू आहे का बंद, हेसुद्धा कळत नाही.