पाठीवर सराटे: क्रोकोडाइल स्किंकची गोष्ट

सापसुरळी म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं, तर तेल लावल्यासारखी गुळगुळीत, चकचकीत अंगाची, पालापाचोळ्यात सुळकन गायब होणारी. आता ही बघा. पाठीवर मागे वळलेल्या टोकदार काट्यांच्या चार रांगा, डोकं तिकोनी, वरून हाडाचं शिरस्त्राण चढवल्यासारखं, आणि डोळ्याभोवती नारिंगी कडं. लहानसं मगरीचं पिल्लूच वाटतं, म्हणून इंग्रजी नाव क्रोकोडाइल स्किंक, स्किंक म्हणजे सापसुरळी. पण ही सापसुरळीच आहे, सतराशेपेक्षा जास्त स्पीशीज म्हणजे प्रजाती असलेल्या त्याच फॅमिलीतली.

हे ओळखायला शास्त्रज्ञांचीही दमछाक झाली हं. १८३४ मध्ये श्लेगल यांनी ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेच्या न्यू गिनी बेटावरल्या नमुन्यावरून हिचं पहिल्यांदा वर्णन केलं आणि टाकली कुठे, तर झोन्युरस या जीनसमध्ये (जीनस म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट), म्हणजे आफ्रिकेतल्या काटेरी शेपटीच्या सरड्यांच्या घरात! काटे दिसले, लावलं लेबल. पाचच वर्षांनी, १८३९ मध्ये, ड्युमेरिल आणि बिब्रों यांनी स्वतंत्र जीनस केला, ट्रायबोलोनोटस. ग्रीकमध्ये ट्रायबोलोस म्हणजे काटा आणि नोटोस म्हणजे पाठ. आपला सराटा असतो ना, अनवाणी पायात घुसला की जीव नकोसा करणारा, त्याचं शास्त्रीय नाव ट्रिब्युलस, तोच हा शब्द. म्हणजे मराठीत हिला सराटेपाठी म्हटलं तरी चालेल, मला तर आवडेल.

सुरुवातीला सांगितलेली नारिंगी कड्याच्या डोळ्यांची ती ग्रॅसिलिस ही प्रजाती, १९०९ मध्ये नेली डी रूय या डच बाईंनी वर्णन केलेली. श्लेगल यांची नोव्हेगिनी जवळपास अशीच पण डोळ्याभोवतीचं ते कडं नाही. न्यू गिनीच्या उत्तरेकडच्या आणि पूर्वेकडच्या बेटांवर गेलात की नातेवाईक बदलत जातात, मॅनसकडे ब्रोंगर्स्माय, न्यू ब्रिटनवर अ‍ॅनेक्टेन्स, बूगनव्हिलला पाँसलेटी आणि तिची जुळी वाटावी अशी स्यूडोपाँसलेटी. २०१७ मध्ये सॉलोमनच्या द्वीपसमूहातून आणखी दोन जोडल्या गेल्या, एक बुका-बूगनव्हिलची, एक शोइसलची, एकूण दहा. बेट बदललं की सापसुरळी बदलली, असंच काहीसं.

मग नातं नेमकं कुणाशी? डीएनए तपासल्यावर जे निघालं ते बाहेरून कुणालाच सुचलं नसतं. जवळचे नातलग म्हणजे ऑस्ट्रेलियातली ती निळी जीभ दाखवून घाबरवणारी गुबगुबीत स्किंक, तिचे भाऊबंद, आणि सॉलोमन बेटांवरची शेपटीने फांदी धरणारी झाडावरची मोठी कोरुसिया. भाऊबंदांपैकी काहींच्या अंगावर, शेपटीवर काटेरी खवले असतात, पण असं मगरीसारखं रूप कुणाचंच नाही.

गंमत म्हणजे ही सगळी नातलग मंडळी थेट पिल्लं घालतात आणि आपली सराटेपाठी अंडं घालते, तेही एका वेळी एकच. ओंजळभर पाचोळ्याखाली ते एकुलतं अंडं ठेवून आई तिथेच राहते, कुणी उकरायला गेलं तर अंगावर येते, पाळणाऱ्यांनी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय. त्यातही सॉलोमनमधल्या ग्वादालकॅनाल बेटाची श्मिटी वेगळी निघाली, ती पिल्लू घालते. म्हणजे एकाच जीनसमध्ये दोन्ही पद्धती, आता करा वर्गीकरण!

आणि आवाज. बहुतेक सापसुरळ्या मुक्या, ही मात्र पकडली की चक्क ओरडते, बारीक चिरका आवाज, पहिल्यांदा ऐकणारा हात झटकतोच.

पण वर्गीकरण करणाऱ्यांना सगळ्यात जास्त रस वाटला तो काट्यांमध्ये नाही, खालच्या बाजूला. ग्रॅसिलिस दिवसा सापडते ती ओलसर जागी, पाचोळ्याखाली, नारळाच्या सोडणांच्या ढिगाखाली. तिथून अलगद उचलली की ओरडून झाल्यावर ती ताठ होते, मेल्याचं सोंग. आता उलटी करा. पोटाच्या खवल्यांमध्ये ग्रंथी दिसतात, आणि तळहात-तळपायांवर बारीक छिद्रं, इतर सापसुरळ्यांमध्ये अशी जोडी सापडत नाही. नराच्या मागच्या पायाच्या मधल्या बोटांखाली तर ही छिद्रं पांढुरक्या ठिपक्यांसारखी फुगीर दिसतात, भिंग असेल तर उत्तमच, नसलं तरी दिसतात. नर-मादी ओळखायची खूण हीच, कारण वरून दोघांचे काटे सारखेच.

बघून झालं की सोडणावर ठेवा. लगेच पळत नाही ती. पाय तसेच आखडलेले, डोळा मात्र उघडा, आणि आपण दोन पावलं मागे सरकलो की नारिंगी कडं हळूच वळतं आणि ढिगाखाली.