सुभेदारीणबाई आणि चार नव्या तलंगा

सकाळचे साडेसहा वाजलेत, इंदूरला राऊच्या बाजूला माझ्या मावशीचं घर आहे, त्याच्या मागचं हे अंगण. पायरीवर ती छाती काढून उभी आहे ना, लाल तुरा एका बाजूला पडलेली, ती सुभेदारीणबाई. इंदुरातल्या मराठी घरात मानाचं नाव होळकर सुभेदारांकडूनच येणार. तिच्या हाताखाली अजून पाच जुन्या कोंबड्या, आणि जाळीच्या पलीकडे या चार काळ्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, कडकनाथ जातीच्या, झाबुआकडच्या.

मागच्या वर्षी मावशीनं एकच तलंग आणली होती. विकणारा म्हणाला, भिया, डाल दो, सब सेट हो जाएगा. भरदुपारी सोडली, संध्याकाळपर्यंत डोकं सोलून निघालं आणि ती पाण्याच्या टाकीमागे जी बसली ती दाण्यालासुद्धा बाहेर आली नाही, तिसऱ्या दिवशी गेली. म्हणून आता चार आहेत, मार वाटला जातो.

या चौघी आधी तीन आठवडे गच्चीवरच्या खोलीत होत्या, शिंका, घुरघुर, उवा काय काय ते बघायला, मानमोडीची लस झालेलीच होती. मग दोन आठवडे इथे जाळीआड. दिसायचं सगळं, चोच पोचायची नाही. सुभेदारीण पहिले दोन दिवस जाळीवर धावून जायची, आता तिकडे पाठ करून माती उकरत बसते, मावशी म्हणाली की आता उघडू.

हे जे कोण कोणाला टोचणार ते ठरलेलं असतं, हे नॉर्वेच्या शेल्डेरुप-एब्बेनं 1922 साली छापलं, लहानपणी घरच्या कोंबड्या बघत बसायचा तो. नवीन आली की उतरंड परत लावावी लागते, भांडण त्याचंच, ते तुम्ही थांबवू शकत नाही.

आता जाळी उघडली. बघा, सुभेदारीण आली, एक टोच मानेवर, तलंग खाली बसली, पंख पसरले, झालं. टोचलं, वाकली, संपलं, एवढं चालतं. पण ही बुटकी बघा, जुन्यांत सगळ्यात खालची, आत्तापर्यंत हिलाच सगळ्या टोचायच्या. ही एकीला पाण्यापासून हाकलते, मागे धावते, कोपऱ्यात गाठून परत टोचते. सासूनं नाही छळलं, नणंदेनं छळलं!

पाण्याची भांडी तीन आहेत, एकमेकांपासून लांब, दाण्याचीही तशीच. आडोशाला उभा पत्रा आणि दोन खोके ठेवलेत, पण एकच तोंड असलेला खोका नको, आत अडकली की मेली. आणि दाणा सगळ्यांना ग्रोअरच, म्हणजे वाढत्या कोंबड्यांचा, कारण लेअरच्या, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या दाण्यातलं कॅल्शियम अंडी न देणाऱ्या तलंगांच्या किडनीला झेपत नाही. जुन्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत.

कडकनाथची एक पंचाईत आहे, तुरा काळपट, पिसं काळी, रक्त लांबून दिसतच नाही. मावशी पकडून उन्हात धरते आणि तुऱ्यामागची पिसं फुंकर मारून बाजूला करते. इथे, नखाएवढं ओलं दिसलं? रक्त दिसलं की बाकीच्याही तिथेच टोचायला लागतात, म्हणून लगेच जांभळं औषध.

आणि बाजूला काढायचं ते मार खाणारीला नाही हं, मारणारीला. बुटकी तीन-चार दिवस डालग्यात, बाकीच्यांच्या नजरेआड. परत येईल तेव्हा तीच नवीन असेल.

रात्री गुपचूप दांडीवर बसवा, सकाळी जुन्यांना कळतच नाही असं लोक सांगतात. कळतं हो, चांगलं कळतं. अंधारात भांडत नाहीत एवढाच फायदा, पण तोही कमी नाही.

म्हणून आज अंधार पडल्यावर मावशीनं चौघींना उचलून खालच्या दांडीवर ठेवलं. वर सुभेदारीण, तिच्या शेजारी वीतभर जागा सोडून बाकीच्या चार. मावशी टॉर्च मारून मोजते. नऊ. दहावी ओसरीवर डालग्यात, अजून कुरकुरतेय.