पेटी तिच्या नावाची

(सुरुवात थेट पेटीच्या झाकणावर. संगीत नाही.)

झाकण उचलताना आवाज करायचा नाही, हा या घरातला पहिला नियम. मधमाश्यांच्या या पेटीला धक्का लागला की सातेरी माशी, म्हणजे आपली देशी मधमाशी, डंख मारायच्या आधी इशारा देते. एकटी-दुकटी माशी नव्हे, सगळी वसाहत मिळून. ऐका.

(माश्यांचा फुत्कार. निवेदन थांबेल.)

हा फुत्कार आला की नवशिका माणूस झटकन हात मागं घेतो आणि त्याच हालचालीनं माश्या चिडतात. या मुलीचा हात बघा. आहे तिथंच थांबलाय. माश्या निवल्या की मग पुढं सरकेल. पंधरा वर्षांची आहे ती. जूनमध्ये दहावीत जाईल.

महाबळेश्वरच्या डोंगरउतारावरचं हे घर. मागं दाट रान: जांभूळ, हिरडा, गेळा, आखरा आणि उतारभर कारवी. परसात, बांधावर, झाडांच्या सावलीत आबांच्या पेट्या. आबा म्हणजे तिचे आजोबा. प्रत्येक पेटीच्या घोडीच्या पायाखाली पाण्याची वाटी ठेवलीय, मुंग्या चढू नयेत म्हणून. रोज सकाळी त्या वाट्या भरणं हे तिचं लहानपणापासूनचं काम. पेटीला हात लावायची परवानगी फार नंतर मिळाली.

या भागात पूर्वी मध काढायचा म्हणजे झाडाच्या ढोलीत हात घालून पोळं ओढायचं आणि अंडी-पिलांसकट पिळायचं. मध मिळायचा, वसाहत मरायची. १९४६ मध्ये महाबळेश्वरात मध संचालनालय सुरू झालं आणि इथल्या वाड्यावस्त्यांवर पेट्या आल्या. याच तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, त्यामागं तीन-चार पिढ्यांचं हे काम आहे.

(पेटीची मांडणी, जवळून.)

पेटीचं सगळं गणित एका फटीवर चालतं. दोन पोळ्यांमध्ये माशी स्वतःला ये-जा करण्यापुरतीच जागा मोकळी सोडते. अमेरिकेतले पाद्री लँगस्ट्रॉथ यांच्या हे १८५१ मध्ये लक्षात आलं आणि त्यांनी सुट्या चौकटींची पेटी बनवली. फट जास्त ठेवली तर माश्या तिथंही पोळं बांधून चौकटी जखडून टाकतात. कमी ठेवली तर त्यांना वावरता येत नाही. आपली सातेरी अंगानं लहान, म्हणून तिच्या पेटीची मापंही लहान. खालच्या कोठीत राणी, अंडी, पिलं. वरच्या कोठीत मध. माणसानं घ्यायचं ते वरचं.

आता ती खालची चौकट वर काढतेय. उन्हाकडं पाठ करून उभी राहिली, म्हणजे ऊन तिच्या खांद्यावरून थेट खान्यांच्या तळाशी पडतं. मधोमध पिलं, त्यांच्याभोवती परागाची कड, वरच्या कोपऱ्यांत मध. आणि या कडेच्या खान्यांत, नीट पाहिलं तर, अंडी.

(चौकट पडदाभर. थोडा वेळ तशीच राहू द्यावी.)

आबांनी तिला राणी शोधायला शिकवलं नाही, अंडी वाचायला शिकवलं. अंडं पहिल्या दिवशी खान्याच्या तळाशी ताठ उभं असतं, दुसऱ्या दिवशी कलतं, तिसऱ्या दिवशी आडवं होतं आणि मग फुटून अळी बाहेर येते. उभं अंडं दिसलं म्हणजे राणी इथं आहे आणि कामात आहे. तिला शोधत बसून पेटी ताटकळत उघडी ठेवायची गरज उरत नाही. हे ज्ञान थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणात सांगता येतं. डोळ्यांत मुरायला मात्र असं कुणाच्या तरी शेजारी, हंगामामागून हंगाम उभं राहावं लागतं. योजनेतून पेट्या वाटणाऱ्या प्रत्येकानं ही दोन माणसं शेजारी-शेजारी उभी बघावीत.

कामकरी माशीही एकदम रानात जात नाही. जन्मल्यावर आधी खाने साफ करते, मग पिलांना भरवते, अंगातून मेण सुटायला लागलं की पोळं बांधते, मग दारावर पहारा. फुलांवर जायची पाळी साधारण तीन आठवड्यांनी येते. ऐन हंगामात तिचं आयुष्यच सहा आठवड्यांच्या आसपास. म्हणजे अर्धं आयुष्य घरात शिकण्यात जातं.

(डंखाचा प्रसंग.)

इथं एक डंख बसला. मनगटावर. बघा, मुलगी माशी झटकत नाही. नखानं काटा लगेच खरवडून काढते, कारण जितका उशीर तितकं जास्त विष अंगात जातं. मग त्या जागेवर धूर घेते. माशीच्या डंखाबरोबर एक वास सुटतो, पिकल्या केळ्यासारखा, आणि तो बाकीच्यांना हल्ल्याला बोलावतो. धुरानं तो झाकला जातो. पेटीवर जायच्या दिवशी या घरात कुणी केळं खात नाही, आणि डोक्याला वासाचं तेलही लावत नाही.

आबा लांबून एवढंच म्हणतात, “दमानं गं. झाकण ठिव आधी.”

(जांभळाचा मोहोर. मग पोळ्याचा खालचा काठ.)

मार्च उजाडला की जांभूळ फुलतं आणि पेट्या भरायला लागतात. पोळ्याच्या खालच्या काठाला हे लोंबणारे खाने दिसतात, ते नव्या राणीचे. त्यांच्याजवळ नरांचे खाने, टोपणाला मधोमध बारीक छिद्र असलेले. ही सातेरीची खूण. दोन्ही एकत्र दिसले म्हणजे वसाहत फुटणार. जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन निघून जाईल आणि त्या रानात गेल्या की गेल्या. त्याआधी वाटणी करून द्यायची, दोन्ही घरं आपल्याच परसात ठेवायची.

ही वाटणी तिनं केली. आबा बांधावर बसून होते. कोणत्या चौकटी जुन्या पेटीत राहतील, कोणत्या नव्या पेटीत जातील, राणीचे किती खाने ठेवायचे, सगळं तिनं ठरवलं. नव्या पेटीत पिकत आलेला राणीचा एक खाना, पिलांच्या चौकटी, मधाची एक चौकट आणि वरून झटकलेल्या तरुण माश्या. तरुणच का? रानात जाऊन आलेली माशी जुन्या जागेवर परतते. घराबाहेर न पडलेली मात्र नव्या घरात राहते.

(तिचा चेहरा. नव्या पेटीचं दार. निवेदन नाही.)

पुढचे काही दिवस तिची वही पेटीवरच होती. राणी कधी बाहेर आली, पराग घेऊन येणाऱ्या माश्या कधी दिसल्या, पहिलं उभं अंडं कधी दिसलं. वहीच्या एका पानावर माश्यांच्या नाचाची चित्रं आहेत. अंधाऱ्या पोळ्यावर माशी पोट हलवत सरळ वरच्या दिशेशी ज्या कोनात चालते, तोच कोन बाहेर सूर्य आणि फुलं यांच्यात असतो. हे उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ मध्ये नोबेल मिळालं. तिनं कोन मोजले ते शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकानं.

(मध काढण्याचा दिवस.)

मध काढताना अख्खं घर लागतं. मेणाच्या टोपणानं बंद झालेले खाने म्हणजे पिकलेला मध; उघड्या खान्यांतला अजून पातळ असतो, तो काढला तर आंबतो. गरम पाण्यात बुडवलेल्या सुरीनं आजी टोपणं उतरवते. चौकटी यंत्रात उभ्या राहतात. ती हँडल फिरवते, आधी सावकाश, नाहीतर पोळं फुटतं. मध पिंपाच्या कडेला उडतो, तळाला जमतो, तोटीतून फडक्यावर येतो. रिकामं पोळं जसंच्या तसं पेटीत परत जातं. माश्यांना पोळं नव्यानं बांधावं लागत नाही, त्या लगेच पुन्हा भरायला लागतात.

जांभळाचा मध गडद, किंचित तुरट. हिरड्याचा वेगळा, गेळ्याचा वेगळा. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, त्या वर्षी तिचा दाट मध मिळतो. या मुलीच्या आठवणीत तो एकदाच आलाय. आबांच्या फडताळात त्याची एक बाटली अजून आहे.

(स्ट्रॉबेरीचा मळा. रिकाम्या पेट्या.)

गेल्या हिवाळ्यात जवळच्या मळ्यात दिवसाढवळ्या फवारणी झाली आणि बांधालगतच्या पेट्या रिकाम्या झाल्या. स्ट्रॉबेरीचं फळ वेडंवाकडं न होता नीट भरायला माश्या हव्यात. फवारा माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळीही मारता येतो. वडील मुंबईत माथाडीचं काम करतात, हंगामाला येतात. पावसाळ्यात रानात माशीला काही मिळत नाही. तेव्हा साखरेचा पाक द्यायचा, पेट्या झाकायच्या आणि वसाहती उठून जाऊ नयेत म्हणून लक्ष ठेवायचं.

(आजी आणि आत्या ओसरीवर.)

या घरातल्या मुलींनी पेट्या पूर्वीही उघडल्यात. तिची आत्या आजही तुम्हाला पोळं वाचून दाखवेल. पण पेट्या मुलग्यांकडं गेल्या, आणि लग्न होऊन गेलेल्या मुलीबरोबर तिची विद्याही या परसातून गेली. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेत साहित्याला पन्नास टक्के अनुदान आहे. स्वतःच्या नावानं अर्ज करायला वय अठरा पूर्ण लागतं. तिला अजून तीन वर्षं आहेत.

वाटणीतून झालेल्या पेटीवर आबांनी पांढऱ्या रंगानं तिच्या नावाचं पहिलं अक्षर काढलंय. पेटी कुणाची म्हणून विचारलं तर ते सांगतात, “तिचीच. मध इकला की पैसं तिचं, हिशेबाची वही बी तिच्याकडंच. उद्या लगीन झालं तर पेटी तिच्यासंगं जाईल. मी लिवून ठिवलंय.”