मीटर अकरा फूट सरकवायचं होतं

नमस्कार, श्रोतेहो.

आमचं घर नागपूरच्या महाल भागात आहे. रस्त्याला लागून ओटा, ओट्यावर दार, दारातून आत अंधारा बोळ आणि बोळाच्या शेवटी लाकडी जिना. त्या जिन्याखाली आमचं विजेचं मीटर होतं. होतं म्हणते, कारण ते तिथून कसं हललं तेच सांगायला आज मी इथे बसले आहे.

रीडिंग घ्यायला येणारा मुलगा दार वाजवायचा. आमची आई चौऱ्याऐंशीची. ती खाटेवरून उठून, गुडघ्यावर हात ठेवत, भिंत धरत दारापर्यंत यायची, तोवर पोरगा चार घरं पुढे गेलेला. मग बिलावर 'लॉक' असा शेरा आणि सरासरीने लावलेली युनिटं. दोन-तीन महिने असं चालायचं आणि एकदाचं रीडिंग झालं की तुंबलेला हिशेब एकाच बिलात यायचा. आम्ही चालवून घेत होतो. जुन्या घरात राहणारी माणसं पुष्कळ गोष्टी चालवून घेतात.

होळीच्या आधी ठरलं, की आईसाठी तळमजल्यावरच संडास-बाथरूम बांधायचं. मिस्त्री आला. त्याने जिन्यालगतच्या भिंतीवर खडूने उभी रेघ मारली, आणि ती रेघ बरोबर मीटरच्या पोटातून गेली.

"ताई, हे मीटर काढा लागते जी."

"काढून कुठे लावणार?"

त्याने टेप सोडला. ओट्यावरच्या भिंतीपर्यंत अकरा फूट. "माह्या वायरमन हाय," तो म्हणाला, "अर्ध्या घंट्यात करून देईन. कोणाला समजत बी नाही."

अर्ध्या घंट्याचं हे काम पुरं व्हायला मृग नक्षत्र तोंडावर आलं. तरीही मिस्त्रीला मी नाही म्हटलं ते बरंच केलं. मीटरला जे सील असतं ना, त्यावर नंबर असतो आणि तो नंबर वीज कंपनीच्या कागदांत लिहिलेला असतो. ते तुटलेलं दिसलं की पुढचं सगळं बोलणं संशयानेच सुरू होतं. २००३ च्या वीज कायद्यात १३८ नावाचं कलम आहे. परवानगीशिवाय मीटर लाइनला जोडलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. इतकी वर्षं 'लॉक'ची बिलं भरून शेवटी आपणच चोर ठरायचं, हे मला काही पटेना.

आता या अकरा फुटांत काय काय असतं ते सांगते, कारण सगळी गंमत तिथेच आहे. खांबापासून मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस वायर कंपनीच्या ताब्यातली, तिला आपण हात लावायचा नाही. मीटर कंपनीचं. मीटरच्या पुढे मेन स्विच, बोर्ड, घरातलं वायरिंग, अर्थिंग हे सगळं आपलं, आणि ते करायला लायसन्स असलेला कंत्राटदार लागतो, त्याचा टेस्ट रिपोर्ट लागतो. म्हणजे आपल्याला जे एक काम दिसतं, ती कार्यालयात तीन कामं असतात आणि तीन टेबलांवर जातात. आमच्या बाबतीत चौथंही निघालं.

अर्ज घेऊन गेले. खिडकीतल्या मॅडमने ग्राहक क्रमांकाचे बारा आकडे टाइप केले, स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, "ग्राहक स्वतः नाही आले का?"

"त्यांना येता नाही येणार."

"तब्येत बरी नाही का जी?"

"वारले ते, मॅडम. चौदा वर्षं झाली."

त्या क्षणभर गप्प झाल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "मग आधी नाव बदला लागन."

महालात, इतवारीत कोणत्याही गल्लीत जा. निम्मी मीटरं देवाघरी गेलेल्या माणसांच्या नावावर आहेत. बिल वेळेवर भरत राहिलं तर कोणी काही म्हणत नाही, म्हणून आपणही हलत नाही. एरवी नाव बदलणं हे अवघड काम नाही. मृत्यूचा दाखला, महापालिकेची कर पावती, बाकीच्या वारसांची ना-हरकत, आणि बिलाची बाकी शून्य. नासुप्रच्या, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासच्या, ले-आऊटमध्ये घर असेल तर आरएल लेटरची, म्हणजे प्लॉट नियमित केल्याच्या पत्राची, झेरॉक्स जवळ ठेवलेली बरी. हा अर्ज ऑनलाइनही करता येतो. पण भिंतीवर खडूची रेघ मारलेली आहे, मिस्त्रीने सिमेंट आणून टाकलंय, आणि पुण्याचा भाऊ म्हणतोय की ना-हरकत पुढच्या आठवड्यात पाठवतो, अशा वेळी ते अवघड होतं. आमच्या भावाचा पुढचा आठवडा सव्वीस दिवसांनी उजाडला. हा दोष कंपनीच्या खात्यावर टाकता येत नाही.

नाव बदलताना सुरक्षा ठेवीचं विचारून घ्या. आता ती सरासरी महिन्याच्या बिलाच्या दुप्पट असते. जुनी ठेव कधीकाळी भरलेली, तुटपुंजी, त्यामुळे फरकाची मागणी येते. ती आली की चिडू नका, त्या पैशावर व्याज मिळतं.

एक कबुली देऊन टाकते. नोकरीची तीस वर्षं मी स्वतः खिडकीच्या आत काढली आहेत, वेगळ्या खात्यात. 'उद्या या' हे वाक्य मीही म्हटलं आहे, आणि दर वेळी उद्या काम होणार होतं म्हणून म्हटलं असं नाही. त्यामुळे समोरचा माणूस कधी खरंच अडलेला आहे आणि कधी फक्त जेवायला जायचंय, हे मला तोंडावरून कळतं. आणि खिडकीच्या आतून सगळ्यात जास्त कशाची धास्ती वाटते हेही मला माहीत आहे. आरडाओरडा करणाऱ्याची मुळीच वाटत नाही, तो दमतो आणि घरी जातो. धास्ती वाटते ती पोच मागणाऱ्याची.

मीटर हलवण्याचा अर्ज दिला तेव्हा आतले भाऊ म्हणाले, "ठेवून जा न ताई. पाह्यतो."

मी दुसरी प्रत पुढे केली. "यावर शिक्का मारून द्या. आवक नंबर आणि तारीख."

"त्याची काय गरज हाय जी? मी हाय न इथं."

"तुम्ही आहात म्हणूनच मागते. उद्या तुमची बदली झाली तर?"

ते हसले आणि शिक्का मारला. बदली झाली नाही, पण तीन आठवड्यांनी ते मुलीच्या लग्नाच्या रजेवर गेले आणि त्यांचं टेबल ज्याच्याकडे आलं त्याला आमचा अर्ज काही सापडेना. आवक नंबर सांगितला. रजिस्टर उघडलं, बोट ओळीवरून खाली सरकलं, आणि अर्ज निघाला दुसऱ्याच गठ्ठ्यातून. तो शिक्का नसता तर मी पुन्हा पहिल्या दिवसावर.

मग जागा पाहणी झाली. डिमांड, म्हणजे भरायच्या पैशांची नोटीस, निघाली, ती भरली. जागा बदलायची आपल्या सोयीसाठी, तेव्हा खर्चही आपला, त्यात वाद नाही. आणि इथून पुढे दीड महिना काहीच हललं नाही.

तोवर मे लागला होता. नागपूरचा मे काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. घरोघरी कूलर चालू, दुपारी चार वाजता गल्लीतला फेज जातो, आणि लाइनमन भाऊ दुपट्टा गुंडाळून तापलेल्या खांबावर चढलेला. अशा वेळी माझं मीटर सरकवायला या, असं म्हणायला मला लाज वाटायची. अर्धं शहर अंधारात बसलं असेल तर आधी ते बघायला हवं हे मान्य. पण कधीकधी वैतागून वाटायचं, तिकडे कोराडीत सहाशे साठ मेगावॅटचे तीन संच धडधडतायत, त्या राक्षसांनी तयार केलेली वीज तारांवरून सगळीकडे पोचते, आणि आमच्या घरात ती अकरा फूट सरकेना.

शेवटी एका सकाळी मी तिन्ही टेबलांवर जाऊन फक्त एकच प्रश्न विचारला. तुमच्याकडून काय राहिलंय?

पहिल्या टेबलाने सांगितलं, आमचं झालं, डिमांड भरल्याची पावती लागली आहे, टेस्ट रिपोर्टची वाट पाहतोय. दुसऱ्याने सांगितलं, टेस्ट रिपोर्ट कधीचा आलाय, फाइलला लावलाय, नाव बदल व्हायचाय. तिसऱ्याने सांगितलं, नाव बदल तर मागच्या महिन्यातच झाला, हे बघा, सिस्टीमवर तुमच्या आईचं नाव आहे. म्हणजे काम झालेलं होतं. सगळ्यांनी आपापलं केलेलं होतं. ते तिघं एकाच हॉलमध्ये, एकाच कूलरच्या हवेत बसत होते, पण आमचं घर अख्खं असं त्यांच्यातल्या कोणालाच दिसत नव्हतं. एकाला पावती दिसायची, एकाला वायर, एकाला नाव. अकराच्या अकरा फूट फक्त मला दिसत होते.

घरी आले आणि एका कोऱ्या कागदावर लिहून काढलं. डावीकडे तारीख, उजवीकडे काय झालं, त्याचा नंबर. अर्जाचा आवक नंबर, डिमांडची पावती, टेस्ट रिपोर्ट दिल्याचा दिवस, नाव बदल झाल्याचा दिवस. एकूण नऊ ओळी. रागाचा एकही शब्द नाही. खाली एकच वाक्य: आता काय बाकी आहे ते लेखी कळवावे. तो कागद साहेबांकडे नेऊन दिला, अर्थात पोच घेऊन.

इथे जरा थांबते, कारण तुमच्यापैकी कोणाचं काम या पायरीवरही अडू शकतं. १९१२ वर फोन करून तक्रार नोंदवली तर तक्रार क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवा. तेवढ्याने नाही भागलं तर कायद्यानेच प्रत्येक वीज कंपनीला ग्राहक तक्रार निवारण मंच ठेवायला लावलेला आहे. नागपुरात तो आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जावं लागतं. वकील करावा लागत नाही, आपली बाजू आपण मांडायची. मंचाचा निकाल पटला नाही तर साठ दिवसांत विद्युत लोकपालांकडे जाता येतं, आणि त्यांचंही कार्यालय नागपुरातच आहे, मुंबईला खेटे घालायला नकोत. ठरलेल्या मुदतीत सेवा दिली नाही तर भरपाईची तरतूदसुद्धा नियमांत आहे. मंचात लोक हरतात ते बहुतेक वेळा कागद नसतो म्हणून, असं माझं मत. 'मी दहा वेळा गेलो होतो' याला तिथे काही अर्थ नाही. दहापैकी एका वेळची पोच दाखवा.

मला मंचापर्यंत जावं लागलं नाही. साहेबांनी नऊ ओळी वाचल्या, बेल वाजवून दोघांना बोलावलं, आणि म्हणाले, "शुक्रवारी सकाळी माणसं येतील. घरी कोणी असन न?"

शुक्रवारी साडेसातला दोघं जण आले. एक शिडीवर, एक खाली. समोरच्या घरावरून जीआय तारेला बांधून आणलेली आमची काळी वायर आधी खांबावरून सोडवली. आईची खाट मी बोळात आणून ठेवली होती, तिला सगळं बघायचं होतं. जुनं मीटर काढायच्या आधी मी म्हटलं, थांबा, फोटो घेऊ द्या. रीडिंगचे आकडे, मीटरचा नंबर, सीलचा नंबर, तिन्ही एका फोटोत. त्या मीटरवर एक बारीक लाल दिवा होता, लुकलुकणारा. शेजारी ३२०० असं छापलेलं. तो दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट. कित्येक वर्षं त्याच्यासमोरून जिना चढले-उतरले, आणि हे मला त्या दिवशी लाइनमन भाऊने सांगितलं. त्याने कट-आऊट, म्हणजे फ्यूज, ओढला आणि दिवा विझला.

ओट्यावरच्या भिंतीत त्यांनी नवीन मीटर बसवलं, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, वर पत्र्याची झडप. आमच्या कंत्राटदाराने तिथून आतपर्यंत पाइपातून वायर आधीच ओढून ठेवली होती. सील लावलं, अहवालावर दोन्ही मीटरांचे आकडे लिहिले, आईची सही घेतली. आईने माठातलं पाणी दिलं. पाऊण तासात सगळं आटोपलं, म्हणजे मिस्त्रीचा अंदाज फारसा चुकला नव्हता.

तो फोटो पुढच्याच महिन्यात कामी आला. मीटर बदललं की बिलात जुन्याचं शेवटचं आणि नव्याचं पहिलं, अशी दोन रीडिंगं बसवावी लागतात. आमच्या बिलात जुनं रीडिंग आलंच नव्हतं, पुन्हा सरासरी! फोटो आणि अहवालाची प्रत घेऊन गेले. खिडकीतल्या मॅडमने दोन्ही पाहून दहा मिनिटांत दुरुस्ती करून दिली आणि विचारलं, "आई कशी हाय?"

पण हे नंतरचं. मीटर हललं त्याच्या दुसऱ्या दिवशीच मिस्त्री आला. एवढ्या दिवसांत भिंतीवरची खडूची रेघ पुसून गेली होती. त्याने पुन्हा टेप लावला, डोकं खाजवलं, दाराचं माप घेतलं, संडासाच्या भांड्याचं माप घेतलं, आणि नवीन रेघ मारली. ती मीटरच्या जुन्या खिळ्यांच्या भोकांपासून चांगली वीतभर अलीकडून गेली.

"इथूनच घेऊ ताई," तो म्हणाला. "मीटरचं तसं काही मधात येत नव्हतं."

मी आत जाऊन चहा टाकला. नमस्कार.