पट्टा उलटा करून बघा

हा घड्याळाचा पट्टा हातोहात मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. वरून बघू नका, उलटा करून बघा. वरचं चामडं अजून छान चकाकतंय, पण आतलं अस्तर काळं पडलंय, कडक झालंय, त्याची सालपटं निघालीत. पट्टा आतून मरतो, मंडळी. मनगटाचा घाम आणि त्यातलं मीठ आधी अस्तरात मुरतं, मग शिवणीत उतरतं. आणि आपण दुकानात वरचा रंग बघून पैसे मोजतो.

माझ्या वडिलांचं एचएमटी जनता होतं. त्याला मी हौसेनं नवा पट्टा घातला, आत ‘जेन्युइन लेदर’ छापलेला. दुसऱ्याच पावसाळ्यात, घड्याळाला जोडणाऱ्या पिनेजवळ तो तुटला आणि घड्याळ जिन्यावर आपटलं. तुटलेल्या जागी बघितलं तर आत चामड्याचा भुगा, चिकटवून दाबलेला, आणि वर प्लास्टिकचा पातळ थर. त्या दोन शब्दांवरून चामड्याची प्रत कळत नाही, हे मला तेव्हा समजलं.

प्रत हातात कळते. फुल ग्रेन म्हणजे कातड्याचा वरचा थर न घासता ठेवलेला. त्यावर बारीक रंध्रं दिसतात, तीही सगळीकडे सारखी नसतात. वाकवलं की नाजूक सुरकुत्या उमटतात, सोडलं की बऱ्याचशा विरतात. मग शिवण बघा. मशीनच्या टाक्यात दोन धागे एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की शेजारचे टाके सैल होत जातात. हातशिलाईत एकच मेण लावलेला धागा दोन सुयांनी दोन्हीकडून त्याच भोकातून जातो. एका बाजूला झिजला तरी दुसरी बाजू धरून ठेवते.

जगातलं बहुतेक चामडं आज क्रोमनं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलं जातं. ते मऊ असतं, पाणीही बऱ्यापैकी सोसतं. दुसरी रीत झाडपाल्याची: बाभळीची साल, हिरडा. हिरडा तर आपल्याच पुणे जिल्ह्यात, जुन्नर-आंबेगावच्या रानात होतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिचं चामडं याच रीतीचं. ही विद्या ज्या ढोर आणि चांभार समाजांनी पिढ्यान्पिढ्या जपली, त्यांना आपण गावकुसाबाहेर ठेवलं. चामड्यावर बोलताना हे न सांगणं मला जमत नाही. पट्ट्याच्या अस्तराला मी असंच झाडपाल्यानं कमावलेलं, वर रंगाचा थर न दिलेलं चामडं पसंत करतो. ते घाम पितं, पण वाळूही देतं.

मापाचं थोडक्यात. पट्टा जिथे अडकतो त्या दोन कानांमधलं अंतर पट्टीनं मोजा: १८, २०, २२ मिलिमीटर, क्वचित १९. १९ च्या जागी २० चा पट्टा कोंबू नका, कडा चुरगळतात. बांधल्यावर करंगळीचं टोक खाली सरकलं पाहिजे. आवळून बांधला की घाम कोंडतो.

आता पुण्याचा पावसाळा. जुलैत मी चामड्याचा पट्टा काढून नायलॉनचा घालतो, तुम्हीही घाला. तरी भिजलाच, तर कोरड्या कापडानं टिपा, बक्कल उघडून पंख्याखाली सपाट ठेवा. ऊन नको, हेअर ड्रायर तर मुळीच नको; ओल्या चामड्याचे तंतू उष्णतेनं आक्रसतात आणि ते लाकडासारखं होतं. रोज एकच पट्टा वापरू नका, एक दिवस त्याला वाळू द्या. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते, सुती कापडात गुंडाळा.

खोबरेल लावू का, हा प्रश्न मला दर वेळी येतो. लावू नका. चामडं डागाळतं, जास्त झालं तर पार लिबलिबीत होतं. चामड्याचं क्रीम वर्षातून दोनदा, तांदळाच्या दाण्याएवढं, कापडावर घेऊन फक्त वरच्या बाजूला. आणि पट्टा बदलाल तेव्हा पिनाही बदला. घामानं त्याही गंजतात, आणि घड्याळ शेवटी त्यांच्याच जोरावर मनगटावर असतं.